एसजीपीटी उतरत होता तेव्हा

मंगळवार, १४ मार्च १९९५. रक्ततपासणीचे एकशे चाळीस रुपये. हजर तिघे: मी, माझी पत्नी सुमन आणि माझी थोरली बहीण, जिला घरात आणि गल्लीत सगळे अक्काच म्हणतात. जागा, बेंगळूरच्या जे. पी. नगरातली आमच्या घराजवळची लॅबोरेटरी. पाकीट मी उघडले, कारण आकडे वाचणे हे आमच्या घरात माझे काम आहे.

बिलिरुबिन ६.२. शेजारी छापलेली मर्यादा १ पर्यंत. एसजीओटी ११८०, मर्यादा ४०. एसजीपीटी १४२०, मर्यादा ४०. अल्ब्युमिन ३.८, मर्यादेत.

मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पंपांचे शाफ्ट तपासतो. व्यास मर्यादेबाहेर केसाएवढा गेला तरी तो शाफ्ट मी परत पाठवतो. मर्यादेच्या पस्तीसपट गेलेला आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"किती आहे?" सुमनने विचारले.

"चौदाशे वीस."

"आणि असायला किती हवं?"

"चाळीस."

अक्का म्हणाली, "अय्यो, त्यांचं मशीन बिघडलं असेल रे दत्तू."

मलाही क्षणभर तसेच वाटले होते. काउंटरवरच्या माणसाला मी विचारलेसुद्धा. तो न रागावता म्हणाला, "मशीन सरी आहे, सार. तुम्ही डॉक्टरांना दाखवा."

हे सगळे लिहून ठेवावे असे वाटले त्याचे कारण असे, की मी बरा होऊन कामावर गेल्यावर कारखान्यातले दोघेजण असाच कागद घेऊन माझ्याकडे आले. "सार, एवढा आकडा म्हणजे किती वाईट?" मी डॉक्टर नाही. कोणता आकडा किती वाईट हे मी सांगू शकत नाही. पण चांगला वाटणारा आकडा वाचताना मी कसा फसलो, ते मात्र मला नीट सांगता येईल.

आधीचे दिवस

सुरुवात फोडणीपासून झाली. जिरे-मोहरीचा वास आला की पोटात ढवळायचे. मग ताप, मग कारखान्याच्या बसमधून उतरून घरापर्यंतच्या तीनशे पावलांत दोनदा थांबणे. लघवी कडक चहासारखी गडद झाली, ते मी कोणाला सांगितले नाही. एका सकाळी मी दारात पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा सुमन समोर उभी राहिली.

"अहो, जरा इकडे उजेडात बघा."

मी पाहिले. आमची मुलगी विद्या दहावीच्या अभ्यासातून उठून आली आणि म्हणाली, "बाबा, डोळ्यांत हळद गेली का?" मग आईचा चेहरा पाहून माझ्या शेजारी बसली.

आमचे डॉक्टर मूर्ती शांत आणि मोजके बोलणारे. चौदाशे वीसचा कागद पाहून ते म्हणाले, "बहुतेक पाण्यातून आलेली कावीळ आहे. बहुतेकांची आपोआप बरी होते. विश्रांती घ्या, पाणी उकळून प्या. पुढच्या मंगळवारी या चार तपासण्या करा आणि त्याच संध्याकाळी मला दाखवा." चिठ्ठीवर त्यांनी लिहिले: बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पी. टी. शेवटच्या नावाखाली रेघ ओढली. ती रेघ मी पाहिली होती, हे मी कबूल करतो.

आलेख

घरी आल्यावर मी विद्याच्या वहीतला आलेखाचा कागद घेतला. कारखान्यात आम्ही असेच करतो. भिंतीवर कागद लावायचा, मर्यादेची लाल रेघ मारायची, दर तासाला एक शाफ्ट मोजून ठिपका द्यायचा. ठिपके रेघेकडे यायला लागले की काम ताळ्यावर येते आहे असे समजायचे. शाफ्टला मापे अनेक असतात, पण सगळी कोणी दर तासाला मोजत नाही. जे माप सर्वांत जास्त बिघडलेले, तेवढ्यावर नजर ठेवायची. अठरा वर्षे हीच सवय.

माझ्या कागदावर सर्वांत जास्त बिघडलेले माप एसजीपीटी होते. म्हणून मी चाळीसवर लाल रेघ मारली, वर अगदी टोकाला १४२० चा ठिपका दिला आणि कागद पलंगाशेजारी लावला. बाकीच्या तिन्हींचा आलेख काढला नाही.

मंगळवारी, २१ तारखेला, मी लॅबोरेटरीत गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "पी. टी. इथे होत नाही, सार. वेगळी नळी लागते. उद्या सकाळी नऊच्या आत आमच्या मोठ्या शाखेत या."

"बाकीच्या तीन करा," मी म्हटले. "ते एक राहू द्या."

हे वाक्य मी खाली रेघ मारून वाचावे अशा योग्यतेचे आहे. ते एक राहू द्या.

संध्याकाळी कागद आला. एसजीपीटी ६१०. आठवड्यात निम्म्याहून खाली! मी ठिपका दिला, दोन ठिपके जोडले. रेघ इतकी सरळ खाली आली होती, की पट्टीने वाढवून मी ती चाळीसला कधी टेकेल तेही काढले. अल्ब्युमिन जवळजवळ तसेच. बिलिरुबिन मात्र ११.८ झाले होते. पण रंग उतरायला वेळ लागतो, असे मी स्वतःला समजावले. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून कळवले, की रिपोर्ट चांगला आहे, शनिवारी येतो.

अक्काला तर माझ्याहून जास्त आनंद झाला. ती राहते हेब्बाळला. रोज दोन बस बदलून, स्टीलच्या बाटलीत कसल्याशा पाल्याचा रस घेऊन यायची. कोणी एक म्हातारी काविळीवर हे औषध देते म्हणे. सुमनला ते मान्य नव्हते.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको," ती म्हणायची.

"विचारायचं काय त्यात? स्वल्प रस तर आहे," अक्का म्हणायची. "आणि आता बघ. सहाशेवर आलं की नाही?"

"मग हे दिवसभर झोपतात का? ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटतात."

"विश्रांती सांगितली आहे ना मला," मी म्हणायचो.

दोघी दोन बाजूंना, मध्ये मी आणि माझा आलेख. आलेख अक्काच्या बाजूने होता.

ठिपका

गुरुवारी मी पुन्हा रक्त दिले, फक्त एसजीपीटीसाठी. शुक्रवारी सकाळी सुमनने कागद आणून दिला. २६०. मी पलंगावर उठून बसलो, पेन्सिल घेतली आणि ठिपका दिला. सुमन पेज घेऊन उभी होती.

"हे दोनशे साठ आहे ना?"

"हो."

"मग ठिपका सहाशे वीसवर का?"

"बरोबर जागी आहे तो."

"अहो, बघा जरा. मागच्या ठिपक्याच्याही वर गेलाय."

मी बोटाने चौकोन मोजायला लागलो. पाचपर्यंत गेलो की कुठे होतो ते विसरायचो. पुन्हा पहिल्यापासून. मग मला राग आला. असा राग मला येत नाही, घरात कोणालाही विचारा. मी ओरडलो, "तुला आलेख कळतो का?"

ती म्हणाली, "आलेख नाही कळत. तुम्ही कळता."

पेजेची वाटी खाली ठेवून ती समोरच्या घरी गेली आणि तिथून डॉक्टरांना फोन केला. पुढचे बोलणे तिने मला नंतर सांगितले. डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. दिवसा फार झोपतात का? स्वभाव बदललाय का? पी. टी. किती आली? तिने दोन्ही कागद वाचून दाखवले आणि म्हणाली, "पी. टी. कुठे लिहिलेलीच नाही." डॉक्टर म्हणाले, "ऑटो बघा आणि आत्ता हॉस्पिटलात घेऊन या. मी तिथेच आहे."

भंगार आणि माल

दाखल करताना फॉर्म भरणाऱ्याने विचारले, "दारू?"

"नाही," मी म्हटले.

"खरं सांगा, सार. डॉक्टरांना सगळं कळतं."

सुमन म्हणाली, "हे ताकसुद्धा मापाने घेतात. लिहा, नाही." त्या दिवसातले तेवढे एक हसू मला आठवते.

डॉक्टर मूर्तींनी मला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, पंजे वर, बस थांबवताना करतो तसे. माझे पंजे पंखांसारखे आपोआप खाली पडत, पुन्हा उठत. मी ते परक्याचे हात असल्यासारखे पाहत राहिलो. मग त्यांनी एक कागद दिला. त्यावर एक ते पंचवीस आकडे इकडेतिकडे विखुरलेले, वर्तुळांत. "क्रमाने रेघेने जोडा." मला गंमत वाटली. आकडे जोडायला मला सांगतात! त्यांनी घड्याळ पाहिले. मी जोडून कागद परत दिला.

"चौऱ्याण्णव सेकंद," ते म्हणाले. "आणि सतरा सुटला. एरवी तुम्हाला अर्धं मिनिट पुरलं असतं."

प्रोथ्रॉम्बिन टाइमचा निकाल तासाभराने आला. निरोगी माणसाच्या रक्ताला गोठायला १३ सेकंद लागत होते, माझ्या रक्ताला ३८. बिलिरुबिन १८.४. एसजीपीटी २१०.

मी त्या अवस्थेतही म्हटले, "डॉक्टर, दोनशे दहा. आणखी उतरला."

ते पलंगावर टेकले. कानडीत जे बोलले ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण माझ्या सगळ्या आजारपणात इतके उपयोगी कोणी काही बोलले नाही.

"तुमच्या कारखान्यात भंगार मोजता?"

"रोज."

"भंगार कमी झालं म्हणजे काम सुधारलं?"

"हो. बहुतेक."

"आणि मशिनंच बंद पडली तर? तेव्हा भंगार किती निघेल?"

"काहीच नाही," मी म्हटले.

"एसजीपीटी म्हणजे भंगार," ते म्हणाले. "लिव्हरच्या पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. पेशी फुटायच्या थांबल्या तर ते कमी होतं. फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत तरीही कमी होतं. कोणतं झालंय ते त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी माल बघावा लागतो. रक्त गोठवणारे पदार्थ लिव्हर रोज तयार करते. आज किती तयार झाले ते पी. टी. सांगते. तुमचा माल येणं कमी झालंय."

"अल्ब्युमिन तर ठीक होतं," मी म्हटले.

"तोही लिव्हरचाच माल. पण त्याचा साठा काही आठवडे पुरतो. गोदाम भरलेलं असलं म्हणजे कारखाना चालू आहे असं नाही."

सुमनने विचारले, "यातून बरे होतात ना?"

"होतात. नाहीही होत," डॉक्टर म्हणाले. "हे मशीन आपल्याकडे बदलून मिळत नाही. पण स्वतःला दुरुस्त करणारंही हे एकच मशीन आहे. त्याला वेळ मिळवून द्यायचा, एवढंच आपल्या हातात."

सुमनची वही

पुढच्या पाच दिवसांचे आकडे माझे नाहीत. मला त्यातले फारसे आठवत नाही. मी सुमनला चहावाली समजून पैसे देऊ केले म्हणे. विद्याला नावाने हाक मारली नाही, याचे मला अजून वाईट वाटते. तिचे पेपर चालू होते. अक्का हेब्बाळहून आमच्या घरीच राहायला आली, पहाटे उठून तिला डबा करून द्यायची. एरवी दोन वाक्यांत भांडणाऱ्या नणंद-भावजया त्या दिवसांत एका छत्रीखाली असल्यासारख्या वागल्या.

वही सुमनने ठेवली, सामानाच्या यादीच्या मागच्या पानावर. "तुम्ही उठल्यावर विचाराल, म्हणून," असे ती नंतर म्हणाली. त्यात आहे:

शनिवार, पी. टी. ४१. हिरड्यांतून रक्त. प्लाझ्माच्या दोन पिशव्या. रविवार, ३०. त्यापुढे तिने लिहिले आहे, "देवाची कृपा", आणि ते खोडले आहे. कारण डॉक्टर म्हणाले होते, "ही सुधारणा उसनी आहे. दुसऱ्यांच्या रक्तातला माल आपण घातलाय. तो संपला की खरा आकडा दिसेल." सोमवार, ४२. पुन्हा दोन पिशव्या. मंगळवार, ३३, पुढे कंसात "उसने". बुधवार, ३६.

गुरुवार, ३० मार्च. पिशवी नाही. पी. टी. ३१. या ओळीपुढे काही लिहिलेले नाही, फक्त पेन दाबून उमटलेला एक ठिपका आहे. त्या सकाळी डॉक्टरांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि तिला म्हणाले, "अम्मा, हे एकतीस त्यांचं स्वतःचं आहे."

ही बातमी प्रयोगशाळेच्याही आधी एका माणसाला कळली होती. सिस्टर लिली. केरळची, वयाने विद्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. रोज सकाळी रक्त काढले की सुईच्या जागी कापूस धरून ती अंगठ्याने दाबून उभी राहायची, कारण माझे रक्त थांबत नसे. पट्टी बांधून निघून जाता आले असते. ती मनगटावरचे घड्याळ पाहत, कुठल्याशा मल्याळम भजनाची चाल गुणगुणत उभी राहायची. पंधरा मिनिटे. कधी अठरा. त्या गुरुवारी तिने अंगठा उचलला आणि म्हणाली, "सात मिनिटं, सार. आज लवकर सोडलंत मला." शुद्धीवर आल्यानंतरची माझी पहिली स्पष्ट आठवण तीच आहे.

चार पिशव्या

प्लाझ्माच्या चार पिशव्या वापरल्या, म्हणून ब्लड बँकेने चार माणसांचे रक्त मागितले. कोणत्याही गटाचे चालेल म्हणाले. सुमनने कारखान्यात निरोप पाठवला आणि सोमवारी पहिली शिफ्ट संपल्यावर लेथवरचे तिघे आले. त्यांचा पुढारी नंजप्पा. या नंजप्पाचे बावीस शाफ्ट मी त्याच फेब्रुवारीत परत पाठवले होते. त्यावरून त्याने माझ्याशी बोलणे सोडले होते.

मी झोपेतच होतो. तो माझ्या पलंगाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "इन्स्पेक्टर सार, आज तरी माल पास करा. रिजेक्ट केलात तर परत नेता येणार नाही!" वॉर्डातले शेजारचे पेशंट हसले. मी डोळे उघडले आणि म्हणालो, "मायक्रोमीटर आणा." हे मला आठवत नाही, पण नंजप्पाने ते कारखान्यात इतक्या वेळा सांगितले आहे, की आता खरे मानावेच लागते.

तिघांचे रक्त घेतले. चौथी सुमन. तिने बाही वर केली, बोटाला सुई टोचून घेतली आणि तपासणाऱ्या बाईने मान हलवली. हिमोग्लोबिन १०.४. रक्त द्यायला साडेबारा लागते. "तुम्हालाच रक्त कमी आहे, अम्मा. घरी नीट खा." रक्त दिलेल्यांसाठी ठेवलेल्या संत्र्याच्या रसाचा एक ग्लास त्या बाईने तिच्याही हातात दिला. तो न पिता तिने टेबलावर ठेवला.

पावतीवर लिहिले गेले: मागणी चार, जमा तीन.

अक्का

शुद्ध आल्यावर मी पहिल्यांदा रडताना कोणाला पाहिले असेल तर अक्काला. पाल्याच्या रसाबद्दल सुमनने दाखल करतानाच डॉक्टरांना सांगितले होते. ते योग्यच होते. पण अक्काच्या मनातून ते जाईना. "मी विष पाजलं का रे तुला?" ती पुन्हा पुन्हा विचारायची.

शेवटी तिने डॉक्टर मूर्तींनाच गाठले. ते म्हणाले, "मला माहीत नाही. त्यात काय होतं हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही, म्हणून तर नको म्हणतो. कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. जो शेवटचं औषध देतो त्याला श्रेय मिळतं. पण तुमच्या भावाने माझी तपासणी टाळली, ती चूक त्याची. तुमची नाही."

अक्काने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? तुझी चूक आहे." तेव्हापासून ती बरी आहे.

बाहेर येताना

मी तेवीस दिवस हॉस्पिटलात होतो. दिवसातून तीन वेळा एक गोड, चिकट सिरप प्यावे लागे, ज्याने पोट साफ राहते आणि डोके उजळते. वरणसुद्धा मोजून दोन चमचे. पी. टी. २६, मग २१, मग १६. बिलिरुबिन मात्र २१ पर्यंत चढून नंतर रेंगाळत उतरले. मी बरा होत होतो तेव्हाही पिवळाच होतो. म्हणजे रंगावरूनही दोन्हीकडून फसता येते.

आकडे जोडायचा तो कागद डॉक्टरांनी आणखी दोनदा दिला. ५ एप्रिलला एक्केचाळीस सेकंद. घरी जायच्या आदल्या दिवशी सत्तावीस. त्या दिवशी विद्या तिची गणिताची प्रश्नपत्रिका घेऊन आली होती. मी तिच्यासमोर शेवटचे उदाहरण तोंडी सोडवले. तिने उत्तर ताडून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं." एवढ्या आनंदाने स्वतःची चूक सांगणारे मूल मी पाहिलेले नाही.

ज्यांच्या हातात असा कागद येईल त्यांना मला एवढेच सांगायचे आहे. डॉक्टरांनी चार तपासण्या लिहिल्या तर चारही करा. मर्यादा आपापल्या कागदावर छापलेली असते, दुसऱ्याच्या कागदाशी ताडू नका. एक आकडा उतरला म्हणून भेट पुढे ढकलू नका. जे काही पोटात घेता, रस असो की गोळी, ते डॉक्टरांना सांगा. आणि रोग्याचे आकडे रोग्याकडे ठेवू नका. ते घरातल्या अशा माणसाकडे द्या, ज्याला आलेख कळत नसला तरी तुम्ही कळता.

शेवटचा भरणा

हॉस्पिटलचे पैसे कारखान्याच्या वैद्यकीय योजनेतून गेले, त्यात लिहिण्यासारखे काही नाही. राहिली होती ती ब्लड बँकेची चौथी पिशवी.

मी मे महिन्यात विचारायला गेलो. तिथला कारकून म्हणाला, "ते आम्ही केव्हाच सोडून दिलं, सार. आणि तुमचं रक्त तर आम्ही घेणारच नाही." मी घरी येऊन सांगितले, की प्रकरण मिटले.

सुमन भाजी निवडत होती. "मिटलं कसं? चौथी पिशवी माझी आहे."

"त्यांनी सोडून दिलंय."

"त्यांनी दिलं असेल. मी नाही."

त्या दिवशी माझ्या लक्षात आले, की सतरा वर्षांच्या संसारात मी हिचा एकही आकडा पाहिलेला नाही. माझे चष्म्याचे नंबर, विद्याची उंची, अक्काचा रक्तदाब, सगळे तारखेनिशी माझ्या डायरीत होते. सुमनच्या नावाचे पानच नव्हते. दहा पूर्णांक चार हे हिमोग्लोबिन काही एका आठवड्यात झाले नसणार. उरलेसुरले खाऊन ती वर्षानुवर्षे तिथे राहिली होती, आणि आकडे वाचणे हे आमच्या घरात माझे काम होते.

मी आलेखाचा नवा कागद घेतला. यावेळी लाल रेघ साडेबारावर मारली आणि ठिपके खालून वर यायचे होते. डॉक्टर मूर्तींनी तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या. नाचणी, खजूर, पालेभाज्या आल्या. रोज रात्री ती आमच्याबरोबर ताटावर बसू लागली. तिला ते आवडायचे नाही. "बघत काय बसता? जेवा ना," म्हणायची. जुलैत ११.७. ब्लड बँकेने पुन्हा परत पाठवले. येताना बसस्टॉपजवळ तिने स्वतःच खजूर विकत घेतले.

शनिवार, २८ ऑक्टोबर १९९५. हिमोग्लोबिन १२.६. वजन एक्कावन्न किलो. हजर: मी, विद्या, अक्का आणि सुट्टी टाकून आलेला नंजप्पा, जो दारातूनच म्हणाला, "अक्का, इन्स्पेक्टर सारना बाहेर बसवा, नाहीतर हेही रिजेक्ट करतील." सुमन आडवी झाली, तिने मुठीची उघडझाप केली आणि आठ मिनिटांत पिशवी भरली. उठल्यावर तिने संत्र्याचा रस मागून घेतला आणि सगळा प्यायला.

शेवटी भरले ते असे: रक्त, एक पिशवी, साडेतीनशे मिलिलिटर. देणारी सुमन. घेणारी, ब्लड बँक. कारकुनाने जुनी पावती शोधून काढली नाही, म्हणून मी घरी ठेवलेल्या प्रतीवर स्वतःच लिहिले: मागणी चार, जमा चार.